पूर्वज्ञान म्हणजे कोणाचे ज्ञान? : बी. एड.च्या पाठटाचणाचे एक परीक्षण

(१)

शिक्षणशास्त्राच्या पदवीसंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा तिच्या बाह्यांगाची असते. पदवी किती वर्षांची असावी, तिच्या आधारे कोणत्या इयत्तांना शिकविता यावे, तिच्यानंतर आणखी कोणती परीक्षा द्यावी लागावी, हे प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी एका वर्षाचा बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी असे उद्दिष्ट ठेवले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी. एड. ही प्राथमिक इयत्तांच्या अध्यापनाची अर्हता होऊ शकत नाही असा निर्णय दिला. या घटनांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. हजारो विद्यार्थ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्यांच्याशी निगडित आहे. परंतु या पदवीच्या काळात विद्यार्थी प्रत्यक्ष काय लिहितो, आणि त्या लेखनामुळे त्याच्या ठिकाणी कोणती दृष्टी घडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

बी. एड.चा विद्यार्थी, म्हणजे आपल्या परिभाषेतील छात्राध्यापक, सर्वांत अधिक जे लिहितो ते पाठटाचण होय. सराव पाठ असो, सूक्ष्मअध्यापन असो वा वार्षिक पाठ असो, त्यापूर्वी टाचण लिहून त्यावर मार्गदर्शकाची सही घ्यावी लागते. ते कोणत्याही ग्रंथात छापले जात नाही. वर्ष संपले की त्याच्या वह्या कपाटात बंद होतात. तथापि एखादा लेखनप्रकार अप्रकाशित आहे म्हणून तो परीक्षणास अपात्र ठरत नाही. प्रस्तुत लेखात पाठटाचणाकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहावयाचे आहे: त्याचे संकेत कोणते, तो कोणासाठी लिहिला जातो, आणि त्यात ज्या विद्यार्थ्याचे चित्र उमटते तो विद्यार्थी कोण, हे तपासावयाचे आहे. त्यातही 'पूर्वज्ञान' या एका भागावर मुख्यतः लक्ष द्यावयाचे आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, आंबागडच्या पायथ्याशी, एक शाळा कल्पून तेथे हे टाचण नेऊन पाहू.

(२)

आपल्या पाठटाचणाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जर्मन शिक्षणविचारात आहे. योहान फ्रीडरिख हेर्बार्ट (१७७६–१८४१) याने अध्ययनाच्या चार अवस्था कल्पिल्या होत्या. त्याच्या परंपरेतील त्सिलर आणि राइन यांनी त्यांची पाच पदे केली, आणि तीच पुढे 'पंचपदी' या नावाने आपल्या अध्यापक महाविद्यालयांत रूढ झाली. हेर्बार्टच्या विचाराचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे: मन हे कोरे पात्र नव्हे, नवी कल्पना मनात शिरते ती आधीच तेथे असलेल्या कल्पनांचा हात धरून. म्हणून शिक्षकाचे पहिले काम नवे सांगणे हे नसून जुने शोधणे हे आहे. पूर्वतयारीचे पहिले पद या तत्त्वातून जन्मले. ते सर्व पदांचा पाया होते, पाठाची नांदी म्हणून केवळ शोभेसाठी जोडलेले नव्हते.

पुढे या साच्यावर इतर थर चढले. १९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशा उद्दिष्टांचे व त्यांच्या स्पष्टीकरणांचे रकाने आले. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्मअध्यापनाची पद्धत सिद्ध झाली, आणि प्रश्न विचारणे, प्रबलन देणे, फलकलेखन करणे ही कौशल्ये सुटी करून घटविली जाऊ लागली. अलीकडे ज्ञानरचनावादाची भाषा आली आहे. या प्रत्येक विचाराला स्वतःचे मूल्य आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नवा विचार आला की टाचणात रकाना वाढतो. जुन्या रकान्याचा अर्थ मात्र पुन्हा तपासला जात नाही. 'पूर्वज्ञान' हा शब्द या सर्व स्थित्यंतरांतून जसाच्या तसा राहिला आणि, नेमक्या त्याच कारणाने, हळूहळू पोकळ झाला.

(३)

आता टाचणाचे अंतरंग पाहू. त्याचा क्रम सर्वपरिचित आहे. आरंभी इयत्ता, विषय, घटक व वेळ, नंतर पूर्वज्ञान, मग पूर्वज्ञानावर आधारलेले तीनचार प्रश्न, त्यांतील शेवटचा समस्यात्मक, म्हणजे ज्याचे उत्तर विद्यार्थ्यास येऊ नये असा, त्यावरून हेतुकथन, पुढे शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती यांचे शेजारी शेजारी रकाने, शेवटी फलकलेखन, मूल्यमापन आणि स्वाध्याय.

या रचनेची तीन लक्षणे परीक्षकाच्या नजरेत भरतात.

पहिले, या लेखनाचा खरा वाचक वर्गातील मूल नव्हे, तर मार्गदर्शक आहे. पाठ होण्यापूर्वी तो तपासतो, पाठ होताना तो मागच्या बाकावर बसून ताडून पाहतो आणि पाठानंतर तोच गुण देतो. लेखन ज्याच्यासाठी असते त्याच्या अपेक्षेचा ठसा लेखनावर उमटणे अटळ आहे. म्हणून टाचणातील भाषा मुलाला समजावी यापेक्षा मार्गदर्शकाला निर्दोष वाटावी अशी होते.

दुसरे, टाचणातील विद्यार्थी हे एक काल्पनिक पात्र आहे, आणि ते फार आज्ञाधारक आहे. विचारलेल्या प्रश्नास तो पूर्ण वाक्यात, प्रमाण मराठीत आणि अपेक्षित तेच उत्तर देतो. तो कधी उलट विचारत नाही, वेगळे बोलत नाही, गप्पही राहत नाही. नाट्यलेखनात असे पात्र आले तर आपण त्यास निर्जीव म्हणू. टाचणात मात्र तोच आदर्श मानला जातो. 'अपेक्षित उत्तर' असे ज्या रकान्याचे नाव आहे त्यात अनपेक्षित उत्तरास जागाच नाही.

तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. 'पूर्वज्ञान' या मथळ्याखाली छात्राध्यापक लिहितो ते विधान मुलांना भेटण्यापूर्वी, घरी बसून लिहिलेले असते. 'विद्यार्थ्यांना किल्ला म्हणजे काय हे माहीत आहे', 'विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील प्रमुख पिके माहीत आहेत' अशी त्याची घडण असते. हे विधान बहुधा मागील इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील अनुक्रमणिकेवरून केलेले असते. म्हणजे मुलाला काय ठाऊक आहे याचे उत्तर मुलाऐवजी पुस्तकास विचारले जाते. हेर्बार्टने ज्यास शोध मानले होते ते येथे गृहीतक झाले आहे.

(४)

हा दोष केवळ तात्त्विक आहे, प्रत्यक्ष वर्गात त्याने फारसे बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आंबागडकडे वळू.

आंबागडचा किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात बांधला गेला. त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला असे सांगितले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा उपयोग बंदिशाळेसारखाही केला. सातपुड्याच्या डोंगरफाट्यावरील हा गड पायथ्याच्या गावांतील मुलांच्या रोजच्या दृष्टिपथात आहे. गुरे राखताना, सरपण आणताना त्याची तटबंदी त्यांनी पाहिलेली असते. त्याच्याविषयीच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात.

आता कल्पना करू की येथील एका शाळेत छात्राध्यापक शिवकालीन किल्ल्यांवर पाठ घेणार आहे. त्याच्या टाचणातील प्रश्नमाला साधारणतः अशी असेल: स्वराज्याची स्थापना कोणी केली? राजगड कोठे आहे? डोंगरावर बांधलेल्या किल्ल्यास काय म्हणतात? यांत खिडकीतून दिसणाऱ्या गडाचा उल्लेख नाही. समजा, 'तुम्ही कोणता किल्ला पाहिला आहे?' असा प्रश्न त्याने घातलाच, तर अपेक्षित उत्तराच्या रकान्यात तो 'रायगड' किंवा 'सिंहगड' लिहून ठेवील. कारण पाठ त्या दिशेस न्यावयाचा आहे. एखादे मूल 'आमचा गड' म्हणाले तर ते उत्तर ऐकून घेऊन बाजूस सारले जाईल. वास्तविक त्या एका उत्तरातून पाठ किती समृद्ध झाला असता! गोंड राजाच्या काळी पठाण सरदाराने बांधलेला आणि पुढे मराठ्यांच्या ताब्यात गेलेला गड समोर उभा आहे. किल्ला कोण बांधतो, कशासाठी बांधतो, राज्य बदलले की त्याचा उपयोग कसा बदलतो, संरक्षणाची वास्तू बंदिशाळा कशी होते, हे सर्व त्या एका उदाहरणात आहे. तेथून सह्याद्रीकडे जाणे सोपे होते. सह्याद्रीकडून आंबागडकडे येण्याची वाट मात्र टाचणात आखलेलीच नाही.

दुसरे उदाहरण भूगोलाचे घेऊ. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, आणि त्यांहून लहान अशा बोड्या यांच्यावर येथील शेती शतकानुशतके पोसली आहे. येथे पिकास 'धान' म्हणतात, ज्या बांधबंदिस्त तुकड्यात ते लावतात त्यास 'बांधी', रोपांना 'पऱ्हे' आणि ती उपटून चिखलात लावण्याच्या कामास 'रोवणी'. 'भात' हा शब्द शिजलेल्या अन्नासाठी राखलेला आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत मात्र पीकही भातच असते, ते खाचरात असते आणि त्याची लावणी होते.

छात्राध्यापकाने विचारले, 'भाताची लावणी केव्हा करतात?' आणि मूल गप्प राहिले. टाचणानुसार याचा अर्थ एकच: पूर्वज्ञान नाही. वस्तुतः त्या मुलाने आदल्या पावसाळ्यात आईबरोबर गुडघाभर चिखलात उभे राहून पऱ्हे लावलेले असू शकतात. कोणते धान हलके, कोणते भारी, बोडीचे पाणी कोणाच्या बांधीस आधी जाते, याविषयी ते शिक्षकापेक्षा अधिक जाणत असू शकते. त्याचे अज्ञान विषयाचे नव्हे. एका शब्दाचे आहे. परंतु त्या क्षणी वर्गात जो निर्णय होतो तो शब्दासंबंधी होत नाही, मुलासंबंधी होतो. आपल्याला येत नाही असे ते मूल शिकते. आणि जे येते ते शाळेत सांगण्याजोगे नाही, हेही त्याच वेळी शिकते.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या प्रदेशाची झाडीबोली ही मराठीची एक स्वतंत्र वळणाची बोली आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले; 'दंडार' हे तिच्या प्रदेशातील लोकनाट्य आजही जिवंत आहे. तुमसरच्या बाजूस पोवारी, गोंडी आणि सरहद्दीवरील हिंदी यांचाही वावर आहे. या बोलीत 'ण' च्या जागी 'न' येतो. 'पाणी' चे 'पानी' होते. टाचणाच्या दृष्टीने हा अशुद्ध उच्चार, आणि शिक्षककृतीच्या रकान्यात 'उच्चार सुधारून घेणे' अशी नोंद. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती एक नियमबद्ध ध्वनिव्यवस्था. एकाच विद्यापीठात मराठी विभागात जे शास्त्र म्हणून शिकविले जाते ते शिक्षणशास्त्राच्या वर्गात चूक म्हणून खोडले जावे, ही विसंगती आपण किती काळ चालू द्यावयाची? कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापकशिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून आणि शाळांपासून तुटलेले आहे असा आक्षेप घेतला होता. त्या तुटलेपणाचा पुरावा टाचणाच्या एका रकान्यातही सापडतो.

(५)

येथपर्यंत मुलाचा विचार केला. परंतु या लेखनप्रकाराचा अधिक सूक्ष्म परिणाम छात्राध्यापकावर होतो, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूर या भागांतील तरुण-तरुणी बी. एड.ला येतात. त्यांच्यातील अनेकांनी स्वतः रोवणी केलेली असते. कोणाचे वडील डोंगरी बुजुर्ग वा चिखला येथील मँगनीजच्या खाणीत राबलेले असतात. बोली त्यांच्या तोंडी असते. मुलाचे पूर्वज्ञान शोधण्यास त्यांच्याहून अधिक योग्य माणूस सापडणार नाही. शहरातून आलेल्या शिक्षकास जे वर्षानुवर्षांच्या सहवासाने कळेल ते त्यांना जन्मतः कळलेले आहे. पदवीने त्यांच्या या ज्ञानाला शास्त्राची जोड द्यावी अशी अपेक्षा असावयास हवी.

घडते ते उलट. निर्दोष टाचण लिहिण्याच्या सरावात तो छात्राध्यापक आपल्याच अनुभवास गाळण्यास शिकतो. 'धान' लिहिले तर सही मिळेल की नाही याची खात्री नसते. 'भात' लिहिले तर ती असते. खाणीचे उदाहरण घातले तर ते 'घटकाबाहेरचे' ठरण्याचा धोका. पुस्तकातील उदाहरण निर्धोक. अशा शेकडो लहान निवडींतून वृत्ती घडते. ही सक्ती कोणी उघडपणे करीत नाही. साचाच ती करतो. परिणामी गावातून आलेला मनुष्य पदवी घेऊन गावातच शिक्षक म्हणून परततो आणि मुलांसमोर परक्यासारखा उभा राहतो. ज्यांच्यापाशी पूर्वज्ञान आहे त्यांना ते विसरावयास लावणारे शिक्षण पूर्वज्ञानाच्या तत्त्वावर आधारलेले आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

(६)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पहिला असा की नवशिक्या शिक्षकास साच्याची गरज असते. चाळीस मिनिटांचा पाठ, पन्नास मुलांचा वर्ग आणि अनुभवाचा अभाव, अशा स्थितीत टाचण हा त्याचा आधार असतो. तो काढून घेतला तर पाठ विस्कळित होईल. हा आक्षेप मान्य आहे. येथे साचा मोडावा असे सुचविलेले नाही. साच्यातील जो भाग शोधाचा होता तो पुन्हा शोधाचा व्हावा, एवढेच म्हणणे आहे. वृत्त पाळणे आणि वृत्तासाठी अर्थ टाकणे यांत जो भेद आहे तोच येथेही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलास शेवटी प्रमाणभाषेतच परीक्षा द्यावयाची आहे, नागपूर-मुंबईच्या मुलांशी स्पर्धा करावयाची आहे. शिक्षकाने बोलीत रमून त्यास तेथेच ठेवले तर ती दयाबुद्धी अन्यायकारक ठरेल. यावर उत्तर असे की प्रमाणभाषा हे गंतव्य आहे याविषयी दुमत नाही. वाद आहे तो प्रस्थानाविषयी. 'धान' आणि 'भात', 'बांधी' आणि 'खाचर' ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तर मूल दोन शब्द शिकते आणि शब्द प्रदेशानुसार बदलतात हेही शिकते. पहिला खोडून दुसरा लिहिला तर ते एकच शब्द शिकते, आणि तोही भीतीने.

बाहेरून आलेली पद्धती आपल्या मातीत रुजविता येते याचा दाखला महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे कार्य केले त्याचा आधार माँटेसोरी पद्धतीचा होता. परंतु रोममध्ये सिद्ध झालेली महागडी साधने आदिवासी पाड्यावर नेण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. बिया, शिंपले, पाने, खडे यांतून त्यांनी साधने घडविली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात व कुरणात नेली. तत्त्व राखले आणि रूप बदलले. याउलट दाखलाही जवळचाच आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथील परिषदेत मांडल्या गेलेल्या नयी तालीमचा हेतू शिक्षण परिसराशी जोडण्याचा होता. पण अनेक ठिकाणी चरखा-तकलीचा तास हाच एक विधी झाला आणि त्यातील अनुबंधाचे तत्त्व मागे पडले. परिसराचे नाव घेतल्याने शिक्षण परिसराचे होत नाही. म्हणून 'स्थानिक उदाहरणे' असा आणखी एक रकाना टाचणात वाढविणे हा उपाय नव्हे. तोही वर्षभरात पाठ केलेल्या उत्तरांनी भरला जाईल.

(७)

मग करावे काय? २०१४ च्या विनियमांनुसार दोन वर्षांच्या बी. एड. अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष सहभागासाठी वीस आठवडे ठेवलेले आहेत; त्यांतील सोळा दुसऱ्या वर्षी. पूर्वी तुटक सराव पाठांपुरता शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकास आता मुलांत राहण्यास अवधी आहे. या अवधीचा उपयोग केवळ पाठांची संख्या भरण्यासाठी न होता पुढील दोन बदलांसाठी व्हावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

एक, 'पूर्वज्ञान' हा भाग मुलांशी बोलल्यावरच लिहिला जावा. घटकाशी संबंधित शब्द मुलांच्या बोलीत कोणते आहेत, त्यांनी काय पाहिले व केले आहे, याची छोटी टिपणे छात्राध्यापकाने पाठाच्या आधी करावीत आणि मार्गदर्शकाने सही करताना प्रथम ती पाहावीत. या कामी मराठी विभागातील बोलीच्या अभ्यासकांचे साहाय्य घेता येईल. विद्यापीठात दोन्ही विभाग असण्याचा लाभ तो हाच.

दोन, पाठानंतर त्याच घटकाचे टाचण पुन्हा लिहिले जावे. पहिल्या लेखनात 'अपेक्षित उत्तर' असा रकाना राहू द्यावा. दुसऱ्या लेखनात त्याच्या जागी 'मिळालेले उत्तर' असा रकाना यावा, आणि गुण दुसऱ्या लेखनास द्यावेत. मुलाने काय म्हटले, ते आपल्याला का अपेक्षित नव्हते, आणि त्यामुळे पाठ कोठे वळावयास हवा होता, हे त्यात लिहावे लागेल. हा बदल खर्चाचा नाही, त्यासाठी नवा विनियमही लागणार नाही. मार्गदर्शकास मात्र एक जुनी सवय सोडावी लागेल: निर्दोष वहीस चांगला शिक्षक समजण्याची.

लेखनप्रकाराची कसोटी अखेरीस एकच: त्यात जीवनाचा किती अंश खरेपणाने उतरतो. आंबागडच्या पायथ्याच्या वर्गात एखादे मूल 'किल्ला म्हणजे आमचा गड' असे म्हणाले आणि ते उत्तर छात्राध्यापकाच्या वहीत त्याच शब्दांत लिहिले गेले, तर त्या दिवशी पूर्वज्ञानाच्या रकान्यात प्रथमच कोणाचे तरी ज्ञान नोंदविले गेले असे म्हणता येईल. शिक्षक होण्याची तयारी तेथून सुरू होते.